मदत हवी आहे: ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पळापळीचे खेळ
नमस्कार ताई-दादांनो, जळगावात आमच्या कॉलनीतली १५-१६ लहान पोरं मी रोज संध्याकाळी ओपन स्पेसवर खेळायला घेते, ऊन इतकं की साडेसहाच्या आत बाहेर काढताच येत नाही. संगीत खुर्ची, डोंगराला आग लागली पळा पळा झालं, पण जो आउट होतो तो कडेला बसून चपलेने माती उकरत राहतो, आणि पळायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते ना. काल एक चिमुरडी पहिल्याच डावात आउट झाली, शेवटपर्यंत माझी ओढणी धरून उभी, फार वाईट वाटलं. विषामृतात अमृत देऊन सोडवता येतं म्हणून तो मस्त जमतो, तसे कोणी बाहेर बसणार नाही असे अजून खेळ सांगा ना प्लीज. सामान खडू, दोरी आणि २ बॉल एवढंच आहे.