सोशल फार्मसीचे प्रात्यक्षिक तक्त्यांपलीकडे कसे न्यावे?

प्रश्न : अध्यापिका, सातारा जिल्हा
डी. फार्म. या औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या २०२० च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाला ‘सोशल फार्मसी’, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील फार्मासिस्टच्या भूमिकेचा विषय आहे. प्रात्यक्षिकात मात्र विद्यार्थी क्षयरोगाचे तक्ते रंगवतात, घोषणा लिहितात आणि गुण मिळवतात. औषध दुकानातील फार्मासिस्टचा क्षयरोग नियंत्रणात नेमका वाटा कोणता, हे त्यांना कळावे यासाठी काय करून घ्यावे?

उत्तर : औषध विक्रेता, नाशिक
सुरुवात शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या कायदेशीर यादीच्या, नोंदवहीपासून करावी. मार्च २०१४ पासून क्षयरोगाची औषधे आणि अनेक प्रतिजैविके विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते; पण बहुतेक मुलांना ही वही केवळ निरीक्षक आल्यावर दाखवायची वस्तू वाटते. काल्पनिक नोंदींची काही पाने देऊन त्यांतून क्षयरुग्ण ओळखायला सांगा. हे दिसते तितके सोपे नाही, कारण क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन कुष्ठरोगातही देतात आणि क्षयरोगात वापरले जाणारे लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तर कितीतरी साध्या संसर्गांत लिहिले जाते. खरी वही मात्र वर्गात आणू नका, तिच्यात रुग्णांची नावे असतात.

उत्तर : फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) पदवीधारक, पुणे
वरील मुद्द्याला जोडून सांगते. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार क्षयरोगाची औषधे देणाऱ्या औषध विक्रेत्यांनीही रुग्णाची माहिती कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे क्षयरुग्णांच्या नोंदणीच्या सरकारी ‘नि-क्षय’ पोर्टलवर काय भरावे लागते हे विद्यार्थ्यांना ठाऊक असायलाच हवे. माझ्या मते त्याहून कठीण काम बोलण्याचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला माणूस पुन्हा खोकल्याचे औषध किंवा ‘मागच्या वेळच्या त्याच गोळ्या’ मागतो, तेव्हा त्याला न दुखावता थुंकीच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात कसे पाठवावे, याचा सराव जोडीजोडीने घ्या. फ्लुरोक्विनोलोन गटातील (लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या) प्रतिजैविकाने क्षयरुग्णाला काही काळ बरे वाटते आणि निदान लांबते, हे कारण माहीत असलेला विद्यार्थी अधिक ठामपणे बोलतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे आधी सांगितले नाही, तर घाबरलेला रुग्ण गोळ्या बंद करतो; एथॅम्बुटॉल हे क्षयरोगाचे दुसरे औषध घेताना दृष्टी अंधूक झाली, तर मात्र त्याने लगेच डॉक्टरांकडे गेले पाहिजे. या दोन सूचनांतला फरक तोंडी परीक्षेत विचारावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
काल्पनिक पानांची कल्पना पुढील सत्रात राबवते. दुसऱ्या वर्षानंतरच्या ५०० तासांच्या प्रशिक्षणातही असे संवाद नोंदवून घ्यावेत असे वाटते, परंतु तेथे देखरेख दुकानातील फार्मासिस्टची असते. त्यांना यात कसे सामील करून घ्यावे, याविषयी कोणी लिहिल्यास आभारी राहीन.