मदत हवी आहे: वॉश दिल्यावर रणगाड्याची चाकं गळून पडली

मंडळी, १/३५ मापाचा टी-३४/८५ (सोव्हिएत रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल) जवळजवळ पुरा होत आला होता. काल सकाळी बघतो तर डावीकडची दोन चाकं टेबलावर पडलेली. कुणी हात लावलेला नाही, घरात मांजर नाही (हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो).

किट जुन्या साच्याचं आहे. पट्टे मऊ व्हायनलचे, एकसंध, दोन टोकं जोडायची. ते चढवताना चांगलेच ताणावे लागले होते. प्राइमरवर अ‍ॅक्रिलिक हिरवा, एअरब्रशने. त्यावर ग्लॉस वार्निश, पण फक्त बुरुज आणि वरच्या भागाला. खालचा भाग तसाही चिखलाने झाकायचा म्हणून सोडून दिला. मग मिनरल स्पिरिटमध्ये कालवलेला गडद तपकिरी ऑइल कलरचा वॉश (खाचाखोचांत उतरणारा पातळ रंग). बुरुजावर बोल्टच्या कडेकडेने बारीक ब्रशने नेमका टेकवला; खाली चाकांमध्ये मात्र ब्रश भरभरून सोडला. रात्री सगळं ठीक होतं.

सकाळी पुढच्या आयडलरचा (पट्टा ज्यावरून वळतो त्या टोकाच्या चाकाचा) आस मुळाशी तुटलेला आणि त्याच्यामागच्या पहिल्या चाकाचा दांडाही. तुटलेली जागा काचेसारखी स्वच्छ, प्लास्टिक विरघळल्याची खूण नाही. मागच्या, पट्टा ओढणाऱ्या चाकाच्या आसावर केसाएवढी चीर आहे. गंमत म्हणजे मधल्या चाकांना तेवढाच वॉश बसला, ती मात्र ठणठणीत!

शंका आली म्हणून स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) दोन तुकडे घेतले. एक वाकवून दोन टाचण्यांमध्ये अडकवला, एक सरळ ठेवला, दोन्हींवर तेच स्पिरिट. वाकवलेला थोड्या वेळाने कट्‌कन तुटला. सरळ आहे तसा आहे. म्हणजे एकट्या स्पिरिटचा दोष नाही, एवढं कळलं. पण आता जोडू कसं? प्लास्टिक सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या गोंदाने) एकदा जोडलं, पट्टा चढवताच पुन्हा सुटलं. आणि चीर पडलेल्या आसाचं काय करू? रंग खरवडून पहिल्यापासून सुरुवात करायची माझी तयारी नाही, तीन आठवडे गेलेत यात.

प्रतिसाद

स्प्रूचा प्रयोग झकास. निदान तुम्हीच केलंत. पॉलिस्टायरीनवर (म्हणजे किटच्या प्लास्टिकवर) ताण असला की मिनरल स्पिरिट त्याला विरघळवत नाही, पण ताणलेल्या जागी आत शिरतं आणि बारीक चिरा उघडत नेतं. तुमच्या पट्ट्याचा सगळा ओढा पुढच्या आयडलरवर आणि मागच्या ओढणाऱ्या चाकावर. पहिलं चाक पट्ट्याच्या चढावर येतं म्हणून तेही दाबलं गेलं. मधल्यांवर ताणच नव्हता, ती वाचली.

एक गोष्ट आत्ता तपासा: रणगाडा उलटा करून तळ बघा. जुनी बरीच किटं मोटर बसवून चालवण्यासाठी काढलेली असायची, त्यामुळे तळाला स्विचची वगैरे भोकं राहून गेलेली असतात. वॉश तिथून आत उतरतो. आतलं प्लास्टिक उघडं, रंगाचा थरही नाही, आणि बंद जागेत स्पिरिट लवकर उडत नाही. नाक लावून बघा, वास येत असेल तर चार दिवस काहीही जोडू नका.

सिमेंट विसरा. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) दोन्ही तुकड्यांत ०.८ मिलिमीटरचं भोक, आत पितळी तार, आणि दोन घटकांचं इपॉक्सी. सुपरग्लूही धरेल, पण चाक सरळ करायला उसंत देत नाही. चीर पडलेला आस अजून तुटला नाही म्हणून खूश होऊ नका, त्यालाही आत्ताच तार घाला. त्या चिरेत पातळ सिमेंट सोडायचा मोह होईल. नको. तेही द्रावकच आहे.

दुसरा प्रतिसाद

तार घातली तरी तोच पट्टा पुन्हा चढवलात तर दुखणं तसंच राहील. शिवाय टी-३४ चा पट्टा ताणलेला दिसणं मुळातच चूक. त्याला वर आधाराचे छोटे रोलर नसतात, वरचा पट्टा पाच मोठ्या चाकांच्या माथ्यावर लोळत असतो. सुट्या कड्यांचे पट्टे लावा. ते झोळतातही आणि ओढतही नाहीत. हेच पट्टे ठेवायचे तर सांधा कापून एखादं कडं वाढवा आणि वरची बाजू चाकांना सुपरग्लूने टेकवून ठेवा. व्हायनल उघड्या पॉलिस्टायरीनला चिकटून राहिलं तर काही वर्षांनी चाकं खातं, तेव्हा जिथे टेकेल तिथे रंग हवाच.

वॉशच्या बाबतीत मात्र माझं मत जरा वेगळं. स्पिरिट सोडून पाण्याचे वॉश घ्या असं लोक लगेच सांगतील. ते सुरक्षित आहेत, पण कडा पुसून मऊ करायला ऑइलसारखा वेळ मिळत नाही. खाली आणि आतूनही वार्निश मारा, ब्रश आधी कागदावर टिपा, आणि पट्टे वॉश वाळल्यावरच चढवा.

धागाकर्ता

तळाला दोन भोकं निघाली! आतून भपकन वास आला. पाच दिवस पंख्यासमोर उलटा ठेवला. तिन्ही आसांना तारा घातल्या, सुट्या कड्या जोडतोय (एका बाजूला ७२ आणि प्रत्येक कडीला घासकाम, देवा). दोघांचेही आभार.

आता एकच अडलंय. पहिल्या चाकाच्या दांड्यातलं भोक किंचित तिरकं पडलं, त्यामुळे चाक वरून जरासं आत झुकलंय. इपॉक्सी पक्कं झालंय. पट्टा आणि चिखल आल्यावर दिसणार नाही अशी स्वतःची समजूत घालू, की तार गरम करून उपसून काढू? गरम केल्यावर दांडा मऊ पडेल ना?