मदत हवी आहे: न्यू जर्सीतून डायरेक्ट एंट्री नर्स प्रॅक्टिशनरसाठी अर्ज

नमस्कार मंडळी, बहिणीसाठी विचारतेय. नर्सिंगची पदवी नसलेल्यांना थेट नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे रुग्ण तपासून औषधं लिहून देऊ शकणारी उच्चशिक्षित नर्स) करणाऱ्या डायरेक्ट एंट्री प्रोग्रामला तिला अर्ज करायचाय. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी (मायक्रोबायोलॉजी, 2011), नंतर बँकेत नोकरी, आता इथे एच-4 ईएडीवर (एच-1बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना). फॅमिली ट्रॅक (सर्व वयाच्या रुग्णांची शाखा) हवा आहे.

डब्ल्यूईएसचं (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन झालंय. अडचण अशी की मार्कशीटवर प्रॅक्टिकल वेगळं दिसतं, त्यामुळे मायक्रोबायोलॉजीसमोर लॅबचा उल्लेखच नाही. शिवाय बरेच प्रोग्राम 5 ते 10 वर्षांपेक्षा जुने विज्ञानाचे कोर्स धरत नाहीत. सिलॅबस जोडून विनंती केली तर कुणाचं मान्य झालंय का?

अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी 1 आणि 2 कम्युनिटी कॉलेजात करायचंच आहे. पहिला पास झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, म्हणजे दोन सेमिस्टर गेलीच. दुसरा चालू असताना नर्सिंगकॅसवर (नर्सिंग प्रोग्रामच्या अर्जांचं सामाईक पोर्टल) 'इन प्रोग्रेस' दाखवून अर्ज केलेल्यांना अट घालून प्रवेश मिळाला का? ऑनलाइन लॅब चालली का?

सगळ्यात मोठा प्रश्न: एनक्लेक्स-आरएन (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) झाल्यावर पुढचं एनपीचं शिक्षण चालू असताना आरएन (रजिस्टर्ड नर्स) म्हणून काम करू देतात का? बेडसाइड (प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या) अनुभवाशिवाय थेट एनपी झालेल्यांना पहिली नोकरी मिळणं अवघड जातं, असं मला वाटतं. त्यापेक्षा अॅक्सिलरेटेड बीएसएन (दुसरी पदवी असणाऱ्यांसाठी कमी वेळातली नर्सिंगची पदवी), मग नोकरी, मग एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) बरं का? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, प्रोग्रामचं नाव आणि वर्ष सांगून.