घर्षण फक्त रबराचं नसतं
ताई, ‘दात सरळ करायला रबर न लागणारे सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, तार छोट्या झाकणाने धरणारे तुकडे) लावले की घर्षण कमी, मुलीची ट्रीटमेंट लवकर संपेल’ असं तुम्हाला गंगापूर रोडच्या क्लिनिकमध्ये सांगितलं, ते अर्धंच खरं आहे. तार ब्रॅकेटच्या खाचेत सरळ असेल तोवर तिला धरून ठेवणाऱ्या रबराचा दाब महत्त्वाचा. पण दात सरकताना आधी कलतो, तार ब्रॅकेटच्या कडांवर अडकते आणि मग खरा विरोध त्या अडकण्याचाच असतो. तिथे झाकणाचा ब्रॅकेट फारसा उपयोगी पडत नाही. रुग्णांवरच्या अभ्यासांतही एकूण कालावधी लक्षणीय घटलेला दिसत नाही. केवळ वेगासाठी जास्तीचे पैसे कृपया देऊ नका. सिरॅमिकचे (दातांच्या रंगाचे) ब्रॅकेट घेणार असाल तर मात्र खाच धातूची आहे का, हे नक्की विचारा. नुसत्या सिरॅमिकवर तार जास्त घासते.