गाडीच्या एसीचा गॅस: घरी भरायचा की गॅरेजमध्ये?

सातपूरकर

मी यंदा घरीच भरला आणि पुढेही घरीच भरणार. का ते सांगतो.

माझी हॅचबॅक नऊ वर्षांची. गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या द्वारका चौकापासून नाशिकरोडला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटायचा, इतकं कूलिंग पडलं होतं. एका गॅरेजला गाडी दिली. तिथल्या मुलानं निळा पाइप लावला, सिलिंडर सोडला, आत एसीच्या झडपेपुढे हात धरला आणि म्हणाला, "आलं बघा गार." पंधरा मिनिटांचे १८०० रुपये. आतली हवा पंपानं ओढून व्हॅक्यूम करणं नाही, वजनकाटा नाही, लिकेज बघायचं तर नावच नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत पुन्हा गरम हवा.

म्हणून यंदा आर-१३४ए या एसीच्या गॅसचा ४५० ग्रॅमचा कॅन आणि दाब दाखवणारं गेज असलेला पाइप मागवला. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ४०० ग्रॅम हा आकडा आहे. लो साइडचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं, तोंड जाड पाइपवर असतं, हाय साइडच्या, म्हणजे जास्त दाबाच्या, तोंडाचं माप वेगळं असतं, त्यामुळे पाइपच्या टोकाचा कपलर चुकीच्या जागी बसतच नाही. इंजिन चालू, एसी फुल, कॅन उभा धरला. थोडा गॅस सोडायचा, थांबायचं, गेज बघायचं. दाब ३५ पीएसआयला (दाबाचं एकक) आल्यावर बंद केलं. सगळा खर्च त्या बिलापेक्षा कमी आणि पाइप कायमचा माझा. जो माणूस घरी इंजिन ऑइल बदलतो, त्यानं याला का घाबरावं?

ओझर_मशीनरूम

दादा, मी पिंपळगाव भागातल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळतो. तुमचं हे काम चुकलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस आत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि कुठून ते तुम्ही बघितलंच नाही.

दुसरं, त्या ३५ वर विसंबू नका. गाडी बंद असेल आणि हवा ३० अंश असेल, तर गेज ९७ पीएसआयच्या आसपास दाखवणार, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. आत थोडा जरी गॅस द्रवरूपात शिल्लक असला तरी दाब तापमानावर ठरतो, गॅस किती आहे त्यावर नाही. गाडी चालू केली की लो साइडचा आकडा बाहेरची हवा, ब्लोअर आणि इंजिनचा वेग यांच्याबरोबर हलत राहतो. तुम्ही दुपारी २ ला ३५ वर भरलंत, तेच सकाळी ७ ला भरलं असतंत तर आत वेगळे ग्रॅम गेले असते. जास्त भरला तर कंडेन्सरमध्ये, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीत, द्रव साचतो, हाय साइडचा दाब चढतो, कूलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसर कण्हायला लागतो.

शिवाय जोडताना पाइपमधली हवा काढली होती का? ती हवा आणि तिच्यातली वाफ आत गेली. एसीचं ऑइल पाणी शोषतं, पुढे त्यातून आम्ल तयार होतं. यासाठीच अर्धा तास व्हॅक्यूम ओढतात. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानाला उकळून बाहेर पडतं. कॅनमध्ये ही सोय नाही.

घोटी_ते_शिर्डी

भाऊ, तुम्ही दोघंही गॅसवरच अडलात. माझी टुरिस्ट गाडी आहे, रोजचा रस्ता. माझ्या गाडीचा एसी सिन्नरच्या हायवेवर गारेगार असायचा, पण मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की गरम. एका ठिकाणी लगेच गॅस भरायला सांगितलं. मी नाही म्हणालो. कंडेन्सरच्या पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू करणारा स्विच, गेला होता. शिवाय कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे चालून कंडेन्सरवर मातीचा थर बसला होता. बागेच्या नळीनं, कमी जोरात, पत्र्या वाकू न देता धुतला. केबिन फिल्टर काढला तर उंदराचं घरटं. गॅसला हात न लावता एसी चालू झाला. घरी करण्यासारखं काम हे आहे.

सातपूरकर

ओझरचे दादा, दाबाचं पटलं. पाइपमधली हवा मी थोडा गॅस सोडून काढली होती, पण व्हॅक्यूम नव्हता हे खरंच. तरी एक सांगा, तुम्ही जे सांगताय ते गॅरेजवाल्यानं केलं होतं का? तुमचा मुद्दा गॅस काढून, व्हॅक्यूम ओढून, मोजून भरणाऱ्या मशीनच्या बाजूचा आहे, गॅरेजच्या बाजूचा नाही. त्यानं अंदाजानं भरला, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅन आधी आणि नंतर तोलला. १८० ग्रॅम गेला. त्याच्याकडे तेवढीही नोंद नव्हती. आणि नऊ वर्षांत रबरी नळ्यांतून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा गॅस जातोच. प्रत्येक वेळी मोठं लिकेज असतं असं नाही.

ओझर_मशीनरूम

१८० घातला हे कळलं. आधी आत किती होता? ते माहीत नसेल तर बेरीज होत नाही.

नळ्यांतून जातो, मान्य. पण तो वर्षानुवर्षं हळूहळू जातो. तुमचा गेल्या एप्रिलचा गॅस जूनपर्यंत टिकला नाही. ते नऊ वर्षांचं झिरपणं नव्हे, भोक आहे. आणि हे वाचून कुणी अडॅप्टर लावून कॅन हाय साइडला जोडू नका. तिकडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो. हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो. डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

गंगापूररोड_ईव्ही

दादा, तुमच्या जुन्या गाडीचं ठीक, पण हे वाचून कुणी इलेक्ट्रिक गाडीला असला कॅन लावेल याची मला खरोखर भीती वाटते. आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजवर चालतो. त्याचं ऑइल वेगळं असतं, वीज न वाहू देणारं. साध्या कॅनमध्ये गॅसबरोबर ऑइल असलं आणि ते त्यात मिसळलं तर इन्सुलेशन बिघडतं. काही नव्या गाड्यांमध्ये तर गॅसही आर-१२३४वायएफ असतो. काही कॅनमध्ये लिकेज बंद करणारं औषध असतं, ते नंतर गॅरेजच्या मशीनमध्ये चिकटतं.

आणखी एक. १०० वर्षांचा हिशेब धरला तर आर-१३४ए ची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. ४५० ग्रॅमचा एक कॅन हवेत गेला तर सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं होतं. गळक्या गाडीत दरवर्षी कॅन ओतायचा हा हिशेब मला पटत नाही. निळा पाइप लावून भरणारा गॅरेजवालाही तेच पाप करतो, हे मात्र सातपूरकर दादांचं बरोबर आहे.

सातपूरकर

रविवारी सकाळी साबणाचं पाणी घेऊन बसलो. नळ्यांचे जोड, कंडेन्सर, काही नाही. मग लो साइडच्या तोंडावर लावलं आणि बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. वॉल्व्हची पिन गळतेय. त्यावरचं टोपण गेल्या वर्षीपासून जागेवर नाही, ते मी तरी काढलेलं नव्हतं. खरं तर यंदा मी त्याच तोंडावर कपलर लावला आणि मला दिसलं नाही, याचं वाईट वाटतंय.

पिन बदलायची तर गॅस आधी काढावा लागणार, म्हणजे मशीन हवंच. आता फोन करून विचारतोय: जुना गॅस काढून वजन दाखवाल का, व्हॅक्यूम अर्धा तास धरून ठेवाल का, ४०० ग्रॅम काट्यावर मोजून भराल का. दोन ठिकाणी "तेवढं कशाला लागतं" असं उत्तर आलं. अंबडला एक जण हो म्हणालाय. शनिवारी नेतो आणि शेजारी उभा राहतो. पण पिन बदलून चार-पाच वर्षांनी ५०-६० ग्रॅम कमी झाला, तर तेव्हा मी घरीच भरणार, यावर मी ठाम आहे.

ओझर_मशीनरूम

त्यावर आपलं जमायचं नाही, दादा. फक्त शनिवारी किती ग्रॅम निघाला तो आकडा इथे टाका. गळलेला आणि साबणपाणी लावताना उडालेला सोडला, तरी ३५ च्या वेळी आत काय होतं याचा अंदाज येईल. आणि दोन्ही तोंडांची टोपणं नवी घ्या, आत रबरी रिंग असलेली.