मदत हवी आहे: सर्किटमधलं दुसरं विमान ऐकू येतं, पण दिसत नाही

कोथरूडची_घार
नमस्कार मंडळी. इथे कुणी पायलट, इन्स्ट्रक्टर किंवा एटीसीवाले (हवाई वाहतूक नियंत्रक) असतील तर जरा मदत हवी आहे.

माझं सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्स) ट्रेनिंग चालू आहे, पुणे परिसरातच. क्लबचं नाव विचारू नका. सोलो झालंय, विमान सेस्ना १७२. सकाळी हवा शांत असते म्हणून सगळ्यांना तेव्हाच उडायचं असतं, त्यामुळे सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीची ठरलेली चौकोनी फेरी) एका वेळी तीन-चार विमानं होतात. त्यांना लांब ठेवायला टॉवर नाही, जो तो रेडिओवर आपली जागा सांगतो.

परवा मी डाउनविंडवर (सर्किटचा धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेचा टप्पा) होते, तेवढ्यात दुसऱ्यानेही 'डाउनविंड' असा कॉल दिला. पुढे पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, खाली पाहिलं. काहीच नाही. बेसला (धावपट्टीच्या रेषेकडे नेणारा पुढचा आडवा टप्पा) वळायची वेळ झाली तरी वळले नाही, तशीच सरळ गेले. विमान जरा उजवीकडे कललं तेव्हा डाव्या पंखाच्या कडेखालून त्याची चाकं दिसली. तो माझ्या डावीकडे, थोडा वर होता. तिन्ही चाकं वेगवेगळी दिसत होती, यावरून अंतर काय ते समजा.

इन्स्ट्रक्टर म्हणाले, "रेडिओ नीट ऐकत जा." अहो, ऐकत तर होतेच!

त्यात आईला कुणीतरी जुलै २०२५ ची कॅनडातली बातमी पाठवली. मॅनिटोबात स्टाइनबाखजवळ एकाच शाळेचे दोन शिकाऊ पायलट टेकऑफ-लँडिंगचा सराव करताना हवेत धडकले आणि दोघेही गेले. एक आपल्या केरळचा. आता घरून निघताना रोज तोच विषय.

तर, नजर नेमकी फिरवायची कशी? आणि समोरचा दिसतच नसेल तर रेडिओवर काय बोलायचं?

मंदार_के
अडाणी प्रश्न. विमानात टीकॅस (टक्कर टाळायला इशारा देणारी यंत्रणा) असतं ना? ते ओरडून सांगत नाही का?

जुना_विंडसॉक
मंदार, ते एअरलाइनच्या विमानांत. १९९६ मध्ये चरखी दादरीला सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे सक्ती झाली. शिकाऊ सेस्नात डोळे आणि रेडिओ, एवढंच.

घार, तुला 'तू' म्हणतो, चालेल ना? बरीच वर्षं पोरांना उडायला शिकवलंय. वळली नाहीस हे बरोबरच केलंस. डावं सर्किट, म्हणजे बेसला डावीकडेच वळणार, आणि तो नेमका त्याच बाजूला. सेस्नाचा पंख डोक्यावर असतो. वळताना आतला पंख खाली जातो आणि जिकडे जायचं तीच बाजू झाकतो. म्हणून वळायच्या आधी तो पंख मुद्दाम उचलायचा, खालून बघायचं, मगच वळायचं. परवा हे आपसूक झालं, आता प्रत्येक वळणाआधी सवयीने कर. पायपरसारख्या खाली पंख असलेल्या विमानाला उलट खालचं दिसत नाही. फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरतानाचा शेवटचा टप्पा) वर पायपर आणि खाली सेस्ना अशी जोडी आली, तर दोघेही एकमेकांना आंधळे.

रेडिओवर नुसतं 'डाउनविंड' अर्धवट आहे. उंची सांग, कितवा नंबर ते सांग. दिसत नसेल तर न लाजता म्हण, "ट्रॅफिक नॉट इन साइट, एक्स्टेंडिंग डाउनविंड," म्हणजे दुसरं विमान दिसत नाही, मी न वळता सरळ जातेय. आणि त्याला त्याची उंची विचार. पोरं इथेच कचरतात, फ्रिक्वेन्सीवर सगळे ऐकतात ना!

थर्मलवेडा
मी पूर्वी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला उडायचो. ग्लायडरमध्ये इंजिन नाही, त्यामुळे नजरेची सवय आपोआप लागते. एकाच थर्मलमध्ये (वर चढणारा गरम हवेचा झोत) आपण, दुसरं ग्लायडर आणि दहा घारी (तुझ्याच नात्यातल्या). पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने बाकीच्यांनी फिरायचं, हा नियम. घारी पाळत नाहीत.

नजर सरसर फिरवली तर काही दिसत नाही. आकाशाचे साधारण १० अंशांचे तुकडे पाड आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांब. थंडीत सकाळी धुरकट असतं, बघायला काही नसलं की डोळा आपोआप जवळच फोकस करतो. मध्ये मध्ये लांबच्या डोंगराची कड बघून घ्यायची. काचेच्या खांबामागे अख्खं विमान लपतं, त्यामुळे डोकंही हलवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जे विमान काचेवर सरकतंय ते बहुधा निघून जाणार. जे एकाच जागी राहून मोठं होतंय, ते तुझ्यावर येतंय.

कोथरूडची_घार
विंडसॉक काका, तूच म्हणा. पण नुसतं रेडिओ ऐकणं पुरत नाही हे पटवून द्या ना, उद्या क्लबमध्ये सांगायचंय.

जुना_विंडसॉक
ऑगस्ट २०२२, कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल, टॉवर नसलेला विमानतळ. सेस्ना १५२ सर्किटमध्ये, आणि जुळ्या इंजिनाचं सेस्ना ३४० सरळ फायनलवर, वेग १८० नॉटच्या (तासाला तेवढे नॉटिकल मैल) आसपास. दोघेही रेडिओवर बोलत होते. १५२ वाल्याने तर सांगितलं की तू फार वेगात येतोयस, मी गो-अराउंड करतो (उतरणं सोडून परत वर जातो). तरी धडकले, तिघे गेले. इन्स्ट्रक्टरांना हे ऐकव, नम्रपणे.

हिशोबही सांग. ९० नॉटची दोन विमानं समोरासमोर आली तर मिनिटाला तीन नॉटिकल मैल जवळ येतात. दिसणं, धोका उमगणं, हात हलणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं यात साडेबारा सेकंद जातात, असं अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, धरतं. म्हणजे एक किलोमीटरच्या पुढेच ते दिसायला हवं.

सुनीता_एस
माझा मुलगाही हेच शिकतोय. वाचून पोटात गोळा आला, पण धागा त्याला पाठवला. घार, आईला म्हणावं तू वळली नाहीस हे मला फार आवडलं.

कोथरूडची_घार
सांगते काकू. काका, शेवटचं. दोघे एकदमच फायनलला आलो तर हक्क कोणाचा?

जुना_विंडसॉक
जो खाली त्याचा. पण खाली आहे म्हणून दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचं नाही, हेही त्याच नियमात आहे. शंका आली की गो-अराउंड, आणि धावपट्टीच्या जरा उजवीकडे सरकून वर जा, म्हणजे खालून उठणारं विमान डावीकडच्या खिडकीतून दिसत राहील. इंधनाचा विचार नको, क्लब बिल लावणारच आहे.

कोथरूडची_घार
ते तर लावतातच 😄 उद्या ब्रीफिंगला उंचीसकट कॉल द्यायचा मुद्दा काढते. काय म्हणतात ते इथेच लिहीन.

थर्मलवेडा
पंख उचलायचंही काढ. रेडिओपेक्षा ते आधी.