१२३४५६७८९८७६५४३२१ : हा आकडा दहाव्या एकाला का मोडतो?

प्रश्न (सातवीतल्या मुलीची आई):
काल लेकीने चौकटीच्या वहीत १११११११११ चा वर्ग हाताने केला. नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकवलेली. उत्तर चढून उतरणारं : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले तर मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे गेला?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक):
ताई, उत्तर तिच्या वहीतच आहे. मधल्या उभ्या रांगेतले एक मोजायला सांगा. नऊ ओळींत ते नऊच, म्हणून हातचा कुठेच नाही. दहा ओळींत तिथे दहा होतात: शून्य लिहून हातचा एक डावीकडच्या नवात जातो, तिथेही दहा. मग पुढचा आठ नऊ होतो. आठ हरवला नाही, हातच्याने वाढला! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना या संख्यांचं वेड होतं. 'डेम्लो संख्या' हे नाव त्यांनी रेल्वे स्टेशनवरून दिलं, म्हणजे आजचं डोंबिवली.

उत्तर (दुसरे सभासद):
अवयवही पाहा : १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात ३ चार वेळा येतो, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा; प्रत्येक वेळांत एक मिळवून गुणायचं, म्हणून वर्गाचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही जातो.

प्रश्नकर्ती:
मधली रांग लाल पेनाने मोजली. लेक आता अकरा एक मांडून बसलीये, जेवायला उठत नाही.